रथापुढे, रथामागे

सत्तरी उलटल्यावर नवी भाषा शिकू नये असा काही नियम नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी एक शिकतो आहे. तिचे नाव क्यूएमएल. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर काय दिसावे ते सांगायची ही भाषा. तिच्यामागे जी क्यूटी नावाची प्रणाली आहे (जाणकार तिचा उच्चार 'क्यूट' करतात, मला अजून संकोच वाटतो), ती मूळची नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीची. २००८ साली नोकियाने ती कंपनी घेतली, आणि २०१० साली क्यूटीच्या ४.७ आवृत्तीबरोबर क्यूएमएल आली. गुरू म्हणजे माझा पुण्याचा भाचा, शिकवणी रविवारी फोनवर.

मराठीच्या मास्तराला पहिल्याच दिवशी एक गोष्ट भावली. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. जुन्या पद्धतीच्या संगणकभाषा बहुतेक आज्ञार्थात चालतात. शाळेत शिपायाला सांगावे तसे: खिळा ठोक, दोरी बांध, जरा डावीकडे घे, अजून थोडे. क्यूएमएल स्वार्थात बोलते. 'फळ्याच्या वर मधोमध सरस्वतीचा फोटो आहे.' बस्स. तो तिथे कसा जातो, ती तिची काळजी.

मूळ वस्तू अगदी थोड्या. सगळ्यांचा मूळपुरुष 'आयटम'. तो दिसत नाही, पण त्याला जागा, रुंदी, उंची असते. त्याच्या वंशात 'रेक्टँगल' म्हणजे रंगीत चौकोन, 'टेक्स्ट' म्हणजे अक्षरे, 'इमेज' म्हणजे चित्र. वर्तुळासाठी चौकोनाच्याच कोपऱ्यांना गोलाई द्यायची, ती बाजूच्या निम्मी केली की झाले वर्तुळ! 'माउसएरिया' हाही अदृश्य, त्याला फक्त स्पर्श कळतो. आपण ज्याला बटण म्हणून दाबतो तो मुळात एक चौकोन, त्यावर एक शब्द आणि त्या दोघांवर पसरलेला हा न दिसणारा पहारेकरी. 'रो' आणि 'कॉलम' पोरांना आडव्या-उभ्या रांगेत उभे करतात. अंतरे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजायची आणि खाली जाऊ तशी संख्या वाढते, हे ऐकून आमचे गणिताचे जुने सहकारी नाराज झाले. असो.

खरी गंमत 'अँकर'मध्ये. वस्तूची जागा आकड्यात न सांगता नात्याने सांगता येते: हिचा वरचा काठ तिच्या खालच्या काठाला. अट एकच, नाते आईबापाशी किंवा सख्ख्या भावंडाशी हवे, चुलत्याशी चालत नाही. भाचा हे समजावू लागला तेव्हा मी त्याला मध्येच थांबवले. अकलूजच्या माणसाला हे काय सांगायचे? दरवर्षी तुकोबारायांची पालखी आमच्या गावी येते, सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होते. प्रत्येक दिंडीची ओळख काय, तर रथापुढे अमुक क्रमांक, रथामागे तमुक क्रमांक. रस्ता अरुंद होवो, वळो, नीरा ओलांडो, कुणी नकाशावर दिंडीची जागा मांडत नाही. रथ हलला की सगळ्या आपापल्या ठिकाणी हलतात. भाचा म्हणाला, "मामा, हे मी आता ऑफिसात सांगणार."

हा खटाटोप मी हौसेने मांडला नाही. आमच्या हिला काचबिंदू आहे. त्यात गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची तर थेंब वेळच्या वेळी. बाटल्या दोन, वेळा वेगवेगळ्या. कागदावर लिहिलेले तिला दिसत नाही, आणि दर वेळी मला विचारणे तिला आवडत नाही. तीस वर्षे स्वतः हिशेब ठेवलेली बाई आहे. म्हणून जुन्या लॅपटॉपवर एक पडदा केला: काळ्या पाटीवर पिवळ्या मोठ्या अक्षरात बाटलीचे नाव, खाली वेळ, त्याखाली एकच बटण, 'घातले'.

अक्षराची उंची मी आकड्यात दिली नाही. 'पडद्याच्या उंचीचा सहावा भाग' एवढेच लिहिले. याला ते 'बाइंडिंग' म्हणतात. खिडकी लहान-मोठी केली की अक्षर आपोआप तेवढेच होते. भाच्याने इथे एक गोष्ट बजावली होती. नंतर कुठे, समजा बटण दाबल्यावर, बरोबरचे चिन्ह टाकून 'अक्षर चाळीस कर' अशी आज्ञा दिली, तर ते चाळीस होते खरे, पण पडद्याशी असलेले नाते तिथेच तुटते. मग खिडकी कितीही बदला, अक्षर चाळीसच. नाते पुन्हा हवे तर ते नव्याने जोडावे लागते. मी लगेच लॅपटॉप उघडून करून पाहिले. खरेच तुटते. बराच वेळ त्या न हलणाऱ्या अक्षराकडे बघत होतो.

म्हणून हिला अक्षर आणखी मोठे हवे झाले तेव्हा आज्ञा दिली नाही, सहाव्या भागाचा पाचवा केला. पहिल्या दिवशी ती पडद्यासमोर बसली, बोट फिरवत म्हणाली, "अहो, नाव दिसतंय. वेळ जरा खाली लपलीय." वेळेचा अँकर बदलला, एक ओळ. आता सकाळी आठला आतल्या खोलीतून बटणाचा टक् असा आवाज येतो आणि मी चहा ठेवतो. काल तिने नवी मागणी केली आहे: बटणाच्या शेजारी तुळशीचे चित्र हवे. म्हणजे आता 'इमेज' आणि 'रो'.