नवखे हात

अर्धांगवायूनंतर सासूबाईंना स्वतःचं पोलकं घालायला शिकवायला इस्पितळात एक नुकतीच पास झालेली मुलगी आली. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात याला. मुंबईत १९५० साली कमलाबाई निंबकरांनी याचं शिक्षण सुरू केलं. पोरीचे हात थरथरत होते. मी पटकन विचारून बसले, "कुणी अनुभवी बाई नाहीत का?" तिचा चेहराच पडला!

तिच्या वरिष्ठ बाई मागेच उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या नाहीत, की पोलक्याला हात लावला नाही. हळूच एवढंच म्हणाल्या, "आधी लुळा हात."

मुलीनं तसं सांगितलं. सासूबाईंनी चांगल्या हातानं लुळा हात बाहीत सरकवला, मग दुसरा. दुसऱ्या दिवशी त्या तिचीच वाट बघत होत्या.

आणि मी? मागच्याच आठवड्यात शाळेतल्या नव्या बाईंच्या हातून, भर वर्गात, खडू काढून घेतला होता हो!