केळ्यावरची माशी आणि पहाटेची घंटा

वसतिगृहातील पहाटेची घंटा आम्हां माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीही विसरलेले नाही. थंड पाण्याने तोंड धुऊन वंदनेला बसायचे, त्रिशरण-पंचशील म्हणताना पेंगायचे आणि गुरुजींची नजर चुकवायची. सुरुवातीचे दिवस त्या घंटेचा फार राग येई. पुढे मात्र नवल घडले. दिवाळीच्या सुट्टीत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपापल्या घरी गेल्यावरही डोळे नेमके त्याच वेळी उघडू लागले. तेथे तर घंटा नव्हती. मग आम्हांला उठवीत होते कोण?

उत्तर मिळाले पुष्कळ वर्षांनी, आणि तेही एका माशीमुळे. भोजनगृहातील अतिपिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी, तांबड्या डोळ्यांची, तिळाएवढी फळमाशी आपण सर्वांनीच हाताने हुसकावली आहे. ही माशी कोशातून बाहेर पडते ती प्रामुख्याने पहाटेच्या सुमारास, हवेत गारवा आणि ओल असताना. तिला सतत अंधारात ठेवले तरी हा दैनिक क्रम टिकून राहतो. म्हणजे घड्याळ बाहेर नाही, तिच्या आतच आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत रोनाल्ड कोनोप्का हा विद्यार्थी सीमोर बेंझर यांच्या मार्गदर्शनाखाली या घड्याळाचा शोध घेत होता. 1971 साली त्या दोघांनी तीन निराळ्या माश्यांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीचा दिवस 19 तासांचा, दुसरीचा 28 तासांचा, तर तिसरीला वेळेचे भानच नव्हते. तिन्ही दोष एकाच जनुकात होते. या जनुकापासून बनणारे प्रथिन रात्री साठत जाते, पेशीच्या केंद्रकात शिरून स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालते, मग हळूहळू नष्ट होते आणि चक्र पुन्हा सुरू होते. माशीच्या मेंदूतील सुमारे 150 चेतापेशी या चक्राच्या आधारे तिच्या जागण्या-झोपण्याची वेळ राखतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जनुकाचे भाऊबंद माणसाच्या शरीरातही आहेत.

हे काम दूरदेशीच झाले असे नाही. आपल्याच लोकलच्या वाटेवर, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबैद सिद्दिकी आणि गोव्याचे मूळ असलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी या माशीला गंध व चव कशी कळते याचा शोध घेतला. अहमदनगर महाविद्यालयातील डी. एस. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयात उंचावर राहणाऱ्या फळमाश्यांचा अभ्यास केला. एरवी हे घड्याळ थंडी-उन्हाची फारशी पर्वा करीत नाही. त्या माश्यांचा कोशातून बाहेर येण्याचा क्रम मात्र तापमानावर अवलंबून असल्याचे त्यांनी 2002 साली मांडले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात झालेले हे काम आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

हे सारे समजून घेताना आम्हांला आठवले ते आमचे वडील. आमच्यापैकी अनेकांचे वडील कारखान्यांत पाळ्यांनी काम करीत. तिसरी पाळी संपवून ते सकाळी घरी येत आणि पत्र्याच्या एकाच खोलीत, डोळ्यांवर टॉवेल टाकून, पडून राहत. आम्ही दंगा केला की खेकसत. एकदा ‘माझे वडील’ या विषयावर निबंध लिहिताना आमच्यातल्या एकाने प्रामाणिकपणे लिहिले, ‘माझे वडील दिवसभर झोपतात.’ सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो.

आज कळते की ते झोपत नव्हते, झोपेसाठी झगडत होते. खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या आतल्या घड्याळाला ‘ऊठ’ म्हणत होता आणि घरातली पाच-सहा तोंडे त्यांना पुन्हा रात्री कामावर धाडीत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली, शरीराचे घड्याळ विस्कटणारी रात्रपाळी माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे म्हटले. आमची फी, वह्या आणि गणवेश त्या मोडलेल्या झोपेतून आले. काहींचे वडील आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागायचीही राहून गेली.

म्हणून पालकांना विनंती आहे की, घरात कोणी रात्रपाळी करीत असेल तर दिवसा खिडकीला जाड पडदा लावा, मुलांना त्याचे कारण समजावून सांगा. आणि विद्यार्थिमित्रांनो, भगवंतांचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, ‘ये आणि स्वतः पाहा’ असे सांगणारा. एका बाटलीत पिकलेले केळे ठेवा. माश्या आत शिरल्या की तोंडाला कापसाचा बोळा लावा. दहा-बारा दिवसांनी नव्या माश्या कोणत्या वेळी बाहेर येतात ते वहीत नोंदवा. पहाटेची घंटा होईल तेव्हा तुम्ही जागे असालच.