रिकाम्या वेळेचा हिशेब



‘बायका रिकाम्या वेळेत विणतात’, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी पडले कचेरीतली कारकून, शिक्षण बी.कॉम. आकडे मांडल्याशिवाय मला काही पटत नाही. म्हणून यंदा उन्हाळ्यात जाळीची हलकी शाल विणायला घेतली, तेव्हा तिचाही हिशेब वहीत लिहीत गेले.

दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवू लागतो, वारा सुटतो आणि आमच्या वस्तीतल्या बाया ओट्यावर येऊन बसतात. त्या वेळी लोकर नकोशी होते. बारीक सुती धागा घ्यावा आणि त्याला ८ नंबरच्या जाड सुया लावाव्यात. सुई जाड, धागा बारीक म्हणजे वीण मोकळी राहते, हवा खेळते.

मी घेतलेला नमुना लाटांचा आहे. तो मूळचा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरचा. एका नमुन्याला १८ टाके. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसऱ्या ओळीत तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र विणायचे. मग सहा वेळा सुईवर धागा घेऊन एक टाका सुलट. पुन्हा तीन वेळा दोन-दोन एकत्र. चौथी ओळ सुलट. सहा टाके कमी झाले, सहा वाढले. जमा आणि नावे सारखे! असे ५ नमुने आणि दोन्ही कडांना ३-३ टाके, एकूण ९६ टाके घालावेत. शाल पूर्ण झाल्यावर धुऊन, गोधडीवर ताणून, कडेने टाचण्या लावून वाळवावी. जाळी तेव्हाच खरी उमलते.

आता वही पाहा. धागा २०० ग्रॅम, किंमत २६० रुपये. वेळ ५२ तास. एका दुकानदाराला शाल दाखवली. त्याने ६०० रुपये सांगितले आणि वर म्हणाला, “बाई, तुमचा वेळ तर असाच जातो ना!” धागा वजा करता उरले ३४० रुपये, म्हणजे तासाला साडेसहा रुपये. तेवढ्यात आज कटिंग चहासुद्धा मिळत नाही. शाल मी परत आणली.

हे दुखणे आपल्याच दारचे नाही. शेटलंडच्या बाया लग्नाच्या अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणत. पण व्यापारी त्यांना रोख पैसे देत नसत; चहा, कापड असा दुकानातला माल देत. घरात पीठ नसले, तर तोच चहा देऊन पीठ मिळवावे लागे. १८७२ साली सरकारी चौकशीच्या अहवालात हे सारे नोंदले गेले, कारण विणणाऱ्या बायांनी पुढे येऊन साक्षी दिल्या होत्या.

आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवर मारिया मीस यांनी १९८२ साली पुस्तक लिहिले. तिथली लेस परदेशी जात होती. पण विणणारीला कामगार कोणी म्हणत नव्हते. ती ‘घरी बसलेली बाई’. एकदा घरी बसलेली म्हटले की मजुरी मागायचा प्रश्नच मिटला.

स्वतःसाठी, लेकीसाठी विणावे, त्यात आनंद आहे. तो आनंद कोणी तासावर मोजू नये. पण विकायला विणाल, तेव्हा एक वही जवळ ठेवा. बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, धाग्याची पावती लिहा. बचत गटात चारजणींनी वह्या समोर ठेवून तासाचा एकच दर ठरवा आणि त्याखाली कोणीही माल देऊ नका. एकटीला दुकानदार सहज परत पाठवतो. दहाजणींना परत पाठवताना त्याला विचार करावा लागतो.

लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. आईच्या हातांचे मोल किती, हे त्या पोरीलाही आकड्यांत कळू द्या.