दिवाळीआधीची रेघ

बाभळीच्या फांद्यांत उसाचं पाचट अडकलं होतं. त्यात फाटक्या साडीची किनार, दुधाच्या दोन-तीन पिशव्या आणि लहान पोराची एक चप्पल. सगळं माझ्या डोक्याच्या हातभर वर. पुढच्या बाभळीवरही तेवढ्याच उंचीला तसाच गबाळा, त्याच्या पुढच्या झाडावरही. एका विद्यार्थिनीनं एक डोळा मिटून तिन्ही झाडं एका नजरेत धरली आणि म्हणाली, "सर, ही तर समोच्चरेषा झाली की!"

आदल्याच आठवड्यात मी फळ्यावर व्याख्या लिहून दिली होती: समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणारी काल्पनिक रेषा. 'काल्पनिक'खाली दोन वेळा रेघ ओढली होती. आमच्याकडच्या 1:50,000 च्या स्थलदर्शक नकाशावर दोन समोच्चरेषांत वीस मीटरचा फरक असतो. कृष्णाकाठचं गाव, घाट, मळीची जमीन, दरसालचं पाणी आणि त्या पाण्याची भीती, सगळं त्या वीस मीटरांत मावतं आणि नकाशावर तिथे नुसता कोरा कागद दिसतो. तो कोरा भाग नदी दर पावसाळ्यात स्वतः भरते. फक्त तिची रेघ अगदी सपाट नसते. पाण्याच्या उताराबरोबर तीही खाली उतरत जाते. आम्हाला हवा असतो तो नेमका हाच उतार.

मी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. दोन गावांतली दोन महाविद्यालयं, मधे एक मोटरसायकल, डिकीत प्रात्यक्षिकाच्या वह्या. मानधन दिवाळीपर्यंत जमा होईल, असं दर दिवाळीला ऐकतो. प्रबंधाचं काम सुट्टीच्या दिवशी. त्यामुळे शरदाचं चांदणं वगैरे माझ्या वाट्याला कोजागरीच्या दुधापुरतंच येतं. बाकी ऑक्टोबर म्हणजे घाई. पूर ओसरून काठावर पाय ठेवता येतो आणि खुणा अजून शाबूत असतात, असे मोजके आठवडेच मिळतात. मग वारा पाचट उडवतो, गुरं काठ तुडवतात, परतीचा पाऊस गाळ धुऊन नेतो. तासगावकडचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणी करून बसलेले असतात. ढग आले की त्यांना डावणी रोगाची धास्ती आणि मला गाळाची. दोघंही आभाळाकडे सारख्याच तोंडानं बघतो.

काम तसं साधं आहे. डंपी लेव्हल लावायची, पट्टी धरायची, काठापासून काठापर्यंत पात्राचा छेद घ्यायचा, वरच्या आणि खालच्या खुणांमधला उतार काढायचा. पाण्याचा वेग काढायला मॅनिंग या आयरिश अभियंत्यानं 1889 मध्ये मांडलेलं सूत्र आजही पुरतं. त्यात एकच अडचण असते, 'एन' नावाचा खडबडीतपणाचा आकडा. तो कुठल्याच यंत्रावर दिसत नाही, काठाकडे बघून ठरवावा लागतो. मोकळं, सरळ पात्र असेल तर 0.03 च्या आसपास, बाभळी आणि ऊस दाटलेला काठ असेल तर 0.1 पर्यंत. सूत्रात वेग 'एन'च्या उलट प्रमाणात असतो, म्हणून तेवढ्यावरून उत्तर तिपटीहून जास्त बदलतं. मुलं विचारतात, "सर, एन किती घ्यायचा?" मी म्हणतो, "आधी काठानं एक चक्कर मारून या." माझ्या विषयातलं कसब कुठे असेल तर ते या चकरेत आहे.

सांगलीत पुराचं माप फुटांत चालतं. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. नकाशांवर निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. पण 2005, 2019 आणि 2021, असे सोळा वर्षांत तीन महापूर बघितलेल्या माणसाला 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ 'दरवर्षी शंभरात एक शक्यता' असा असतो हे समजावताना माझाच आवाज खाली येतो. हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणायचे. कोरडी, घट्ट माती बघूनच कुणीतरी ती जागा हेरली असणार. 2005 मध्ये त्या पेवांतही पाणी शिरलं.

बाभळीवरची उंची वहीत लिहून आम्ही आवरत होतो. पलीकडच्या घरातली आजी मघापासून पडवीत उभी राहून बघत होती. "मास्तर, झाडावर काय मोजताय? हितं बघा." पडवीच्या भिंतीवर गाळाची रेघ होती, सुतानं आखल्यासारखी. आम्ही तिच्यावर लेव्हल लावली. बाभळीवरच्या खुणेहून ती टीचभर खाली निघाली.

मुलं गोंधळली. मी क्षणभर गप्प राहिलो आणि मग लक्षात आलं. पाण्याच्या जोरानं फांदी वाकते, वाकलेली असतानाच कचरा तिला चिकटतो. पाणी उतरलं की फांदी उठते आणि कचऱ्याला घेऊनच वर जाते. भिंत वाकत नाही. विद्यार्थिनीनं बाभळीचा आकडा कंस करून ठेवला आणि खाली भिंतीचा लिहिला.

"मोजलंसा न्हवं?" आजीनं विचारलं.

"मोजलं आजी."

"मग पुसू का आता? पोरगं रंगाचा डबा घिऊन आलंय. दिवाळीला असली भिंत बरी न्हाई दिसत."

खूण राहू द्या, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती रेघ रोज सकाळी उठून बघायची तर तिला होती, मला नव्हती. मी मान हलवली. तिचा नातू कुंचला घेऊन पुढे झाला. वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात विद्यार्थिनीनं लिहिलं: 'पडवीची भिंत, गाळाची रेघ. रंग देण्याआधी घेतली.'