टेंभुर्णीच्या पानाचा हिशेब

नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असे करत किनवटकडे निघाले की काळ्या शिवारांचा प्रदेश मागे पडतो आणि सागाचे रान सुरू होते. उन्हाळ्यात सहस्रकुंडाची धार रोडावलेली असते. त्याच दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, टेंभुर्णीची पाने तोडायला माणसे पहाटेच रानात शिरतात आणि दुपारी सावलीत बसून पानांचे पुडे बांधतात. व्यापारात याच पानांना तेंदूपत्ता म्हणतात. पावसाळ्यापूर्वीच्या रिकाम्या दिवसांत अनेक घरांची चूल या पानांवर पेटते. पुढे बिडी होऊन हेच पान वडीलधाऱ्यांच्या छातीत उतरते.

‘झाडाच्या पानाची बिडी, ती काय बाधणार?’ असे येथे सर्रास ऐकू येते. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो, हे खरे. परंतु हे पान सहज जळत नाही. बिडी विझू नये म्हणून माणूस वरचेवर आणि खोल झुरके घेतो. त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा भार मुळीच कमी होत नाही.

काही वर्षांपूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी साठी ओलांडलेले एक बाबा धापा टाकत आले. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “बाबा, बिडी सोडा.” ते शांतपणे म्हणाले, “सायेब, सोड सोड समदेच म्हणतेत. कशी सोडायची, ते कुनी सांगत नाई.” मी वरमलो. इतकी वर्षे मी आज्ञा देत होतो, उपचार मात्र करत नव्हतो.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. पहिली बिडी केव्हा? डोळा उघडताच. कोणती सुटणे सर्वांत कठीण? चहानंतरची. मग बिडी सोडण्याचा दिवस ठरवला. काडेपेटी आजींच्या ताब्यात गेली. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, अंगणात फेरी मारावी. बिडीऐवजी तंबाखू मळणे मात्र नको.

समुपदेशनाला औषधाची जोड मिळाली की यशाची शक्यता वाढते. निकोटीनचे च्युइंगम सुपारीसारखे सतत चावायचे नसते. तिखट चव येईपर्यंत हळू चावावे, मग गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावे. चव गेली की पुन्हा चावावे. त्याआधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये. दात नसतील किंवा कवळी असेल, तर त्वचेवर लावायची निकोटीनची पट्टी सोयीची. बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. फिट्स येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही; मूत्रपिंडे दुबळी असल्यास व्हॅरेनिक्लिनची मात्रा कमी करावी लागते. दम्यासाठी थिओफिलिन गटातील गोळी चालू असेल, तर धूम्रपान सोडत असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. सोडल्यानंतर त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

घरच्यांनी एवढे जाणावे, की पहिले काही आठवडे चिडचिड होते, झोप उडते, कधी खोकलाही वाढतो. तो औषधाचा दोष नव्हे. अशा वेळी टोमणे मारू नयेत. आमच्या बाबांनी एका लग्नात दोन बिड्या ओढल्या आणि लाजेने महिनाभर दवाखान्याकडे फिरकले नाहीत. आजींनी न रागावता त्यांना पुन्हा आणले, म्हणून उपचार पुढे चालू राहिला. शहर लांब असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेवरही समुपदेशन मिळते.

‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ या प्रश्नाला उत्तर आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा १९५१पासून पन्नास वर्षे अभ्यास झाला. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सरासरी सुमारे तीन वर्षांचे अधिक आयुष्य लाभल्याचे त्यात दिसले. फुफ्फुसांची झालेली झीज भरून येत नाही. पण पुढची झीज मंदावते.

बाबा आजही उन्हाळ्यात पाने तोडायला जातात. चढावर त्यांना थांबावे लागते, पण पूर्वीइतके नाही. अंगणात पुडे बांधलेले असतात; खिशात काडेपेटी नसते.