एका तबकडीचा पाठशोध

आम्ही दोघे भाऊ-बहीण. भाऊ खामगावला आणि बहीण बुलढाण्याला अशा दोन महाविद्यालयांत आम्ही मराठी शिकवतो. एम.ए.ला असताना दोघांनाही पाठचिकित्सेची गोडी लागली आणि ती अजून सुटलेली नाही. हस्तलिखिताची कोणती प्रत आधीची, कोणती नंतरची, लेखनिकाने कोठे भर घातली, कोठे गाळले, हे शोधण्यात एक वेगळाच आनंद असतो. त्या आनंदाला एक अहंकारही चिकटलेला असतो, हे मात्र आमच्या फार उशिरा लक्षात आले. ज्या प्रसंगाने ते लक्षात आणून दिले, त्याच्या केंद्रस्थानी पोथी नव्हती, लाखेची एक जुनी तबकडी होती.

आमचे वडील तरुणपणी खामगावात लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका दुकानात कामाला होते. लग्न, बारसे, गणपती, कोठल्याही गावी बोलावणे आले की मशीन, बॅटरी, कर्णा आणि तबकड्यांची लाकडी पेटी बैलगाडीत घालून निघायचे. गावात पोचल्यावर कर्णा झाडाच्या उंच फांदीला बांधायचा आणि रात्री उशिरापर्यंत गाणी वाजवायची. पुढे ते दुकान बंद पडले, बाबांनी दुसरी नोकरी धरली. मालकाने जाताना दिलेल्या दहा-पंधरा तबकड्या तेवढ्या आमच्या घरी राहिल्या. त्यांतली एक ते दर दिवाळीच्या पाडव्याला लावत. महंमद रफी यांच्या आवाजातले 'लाल लाल गाल'. लेबलाचा कागद झिजून गायकाचे अर्धेच नाव उरले होते. गाणे सुरू झाले की एरवी गंभीर असणारे बाबा बसल्या जागी पायाने ठेका धरत.

२००३ सालच्या दिवाळीत आम्ही घरी आलो तेव्हा आमच्यापाशी एका मित्राची सीडी होती. तीत बिल हेली आणि त्याच्या 'कॉमेट्स' या वाद्यवृंदाचे 'रॉक अराउंड द क्लॉक' होते. पाडव्याला पाहुणे जमलेले. बाबांची तबकडी संपली आणि आम्ही लगेच सीडी लावली. "बाबा, ऐका. तुमचं गाणं सरळ सरळ चोरीचं आहे," असे म्हणून हसलो. पाहुणेही हसले. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "बरं झालं सांगतलं," एवढेच म्हणाले आणि तबकडी कागदाच्या पाकिटात घालून ठेवून दिली. त्यानंतर ती कधी वाजली नाही. २०१९ मध्ये ते गेले.

मागच्या वर्षी घर आवरताना पेटी पुन्हा हाती आली. तबकडीला काठापासून मध्यापर्यंत तडा गेला होता. आता ती वाजणार नव्हती, म्हणून तिचा इतिहास तरी नीट लावावा, असे आम्ही ठरवले. जी शिस्त आपण पोथ्यांना लावतो, ती या लाखेच्या पोथीला का लावू नये? वीस वर्षांपूर्वी आम्ही निकाल दिला होता, पण पुरावा तपासला नव्हता.

पहिली पायरी सोपी होती. हरमंदिर सिंह 'हमराज' यांच्या 'हिंदी फिल्म गीत कोशा'चा १९५१ ते १९६० या दशकाचा खंड अशा शोधासाठीच आहे. गाणे 'मिस्टर एक्स' या १९५७ च्या चित्रपटातले. दिग्दर्शक नानाभाई भट्ट, भूमिका अशोक कुमार आणि नलिनी जयवंत यांच्या. संगीतकाराचे नाव वाचून मात्र आम्ही थबकलो. एन. दत्ता, म्हणजे गोव्याच्या आरोबा गावचे दत्ता नाईक. सचिन देव बर्मन यांचे सहायक म्हणून उमेदवारी करून १९५५ च्या 'मिलाप'पासून ते स्वतंत्र संगीतकार झाले. १९५९ मध्ये त्यांनी 'धूल का फूल' केला. साठच्या दशकाच्या अखेरीस 'मधुचंद्र' आणि 'अपराध' या मराठी चित्रपटांना ज्यांनी संगीत दिले, ते हेच. 'अपराध'मधली गाणी आमच्या घरात सर्वांना पाठ होती. ज्यांच्या हळुवार चालींवर आम्ही वाढलो, त्यांनाच आम्ही भर दिवाळीत चोर म्हटले होते, आणि नाव ठाऊक नसताना म्हटले होते.

तरीही चाल हेलीच्या गाण्याची आहे, यात शंका नाही. इंग्रजी गाणे घड्याळाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि रात्रभर नाचत तास मोजत जाते. हिंदी गाण्यात घड्याळ नाही, तासही नाहीत. स्वरांची चढती कमान तीच, पण तिच्यावर तरुणीचे लाल गाल आले आहेत. शब्दांचा अनुवाद झालेला नाही, चाल मात्र उचललेली आहे. आपल्या पूर्वीच्या निकालाला बळकटी आली, असे तोवर आम्हांला वाटत होते.

पुढची पायरी मूळ प्रतीची. १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपल या सभागृहात डेक्का कंपनीसाठी हेलीने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या दिवशी कंपनीचा भर दुसऱ्याच गाण्यावर होता. 'थर्टीन विमेन' या गाण्यात बराचसा वेळ गेला आणि 'रॉक अराउंड द क्लॉक' उरलेल्या वेळात उरकले गेले. तबकडीच्या दुय्यम बाजूला ते छापले गेले आणि फारसे कोणी दखल घेतली नाही. १९५५ मध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाच्या आरंभी ते वापरले गेले, तेव्हा कोठे त्याने अमेरिका हलवली. हा चित्रपट वर्गात न ऐकणाऱ्या मुलांचा आणि हतबल शिक्षकाचा आहे, ही गोष्ट आम्हां अध्यापकांना विशेष भावली.

पण हेलीची प्रत ही आदिप्रत नव्हेच. गाणे मॅक्स फ्रीडमन आणि जेम्स मायर्स यांच्या नावावर आहे, आणि हेलीच्या काही आठवडे आधी, मार्च १९५४ मध्ये, सनी डे याच्या वाद्यवृंदाने ते मुद्रित केले होते. म्हणजे ज्याला आम्ही 'मूळ' म्हणून पाहुण्यांसमोर वाजवले, ते स्वतःच दुसऱ्यांदा गायिलेले गाणे होते. त्याच्याही मागे गेले, तर १९४७ मध्ये हँक विल्यम्स याने गायिलेल्या 'मूव्ह इट ऑन ओव्हर'शी त्याच्या कडव्यांच्या चालीचे साम्य जाणकारांनी दाखवले आहे. आणि या सगळ्यांच्या तळाशी ब्लूज आहे, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेला बारा आवर्तनांचा साचा. त्याचा कोणी एक कर्ता नाही, जसा आपल्या ओवीचा नाही.

हेलीच्या तबकडीतला सर्वांत गाजलेला तुकडा म्हणजे मधली गिटारची झडप. ती डॅनी सेड्रोन याने वाजवली. तीही नवी नव्हती. १९५२ मध्ये हेलीच्याच 'रॉक द जॉइंट'मध्ये त्याने ती वाजवली होती, तीच येथे पुन्हा घेतली. या कामाचे त्याला २१ डॉलर मिळाले असे सांगतात. जून १९५४ मध्ये जिन्यावरून पडून तो मरण पावला. गाणे जगभर गेले तेव्हा तो हयात नव्हता.

सेड्रोनविषयी वाचताना आम्हांला मुंबईचे वादक आठवले. १९५७ मध्येच आमच्या महाराष्ट्रातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 'आशा' या चित्रपटात 'ईना मीना डीका' दिले. त्यांच्याभोवती जॉन गोम्स, चिक चॉकलेट असे गोमंतकीय वादक-सहायक होते. त्या गाण्यातले 'माका नाका' हे कोकणी शब्द त्यांच्यामुळेच आले, असे सांगितले जाते. पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणारे हे लोक रात्री हॉटेलांत जाझ वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. अमेरिकन नाचाची लय हिंदी गाण्यात उतरली ती बरीचशी यांच्या हातांनी. तबकडीच्या लेबलावर गायकाला जागा असे, संगीतकाराला असे. वादकांना नसे.

आता राहिला प्रश्न ऐकणाऱ्यांचा. १९५२ मध्ये माहितीमंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. 'विविध भारती' सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. ज्या गावांत रेडिओ नव्हता, तेथे ही गाणी पोचवणारे फिरते केंद्र म्हणजे बाबांसारख्यांची बैलगाडी.

पेटीच्या तळाशी बाबांची एक वही होती. कोणत्या गावी, कोणाकडे, कोणत्या तबकड्या नेल्या, याची नोंद. चिखली, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, मेहकर या भागांतली कितीतरी लग्ने तीत आहेत. फर्माईश आली की तबकडीच्या नावापुढे ते एक रेघ ओढत. काही पानांवर 'लाल लाल गाल'पुढे चार-चार रेघा आहेत. वहीच्या शेवटी सगळ्या तबकड्यांची यादी आहे. तीत सातव्या क्रमांकावर बाबांच्या ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे : 'लाल लाल गाल – रफी – (इंग्रजी चाल)'.

ते वाचून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. जे गुपित फोडल्याच्या ऐटीत आम्ही सीडी लावली होती, ते त्यांना आमच्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होते. कोणी सांगितले, कोठे ऐकले, हे विचारायला आता कोणी नाही. त्यांनी ते कंसात नोंदवले आणि गाणे वाजवत राहिले. तबकडी ठेवून दिली गेली ती आमच्या माहितीमुळे नव्हे. मग कशामुळे, ते आम्हां दोघांनाही कळते.

याचा अर्थ नक्कल आणि निर्मिती यांत भेद नाही, असे आम्ही म्हणत नाही. साचा घेणे वेगळे आणि चाल घेणे वेगळे. ओवीत लिहिणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही, पण दुसऱ्याची ओवी आपल्या नावावर खपवली तर म्हणतात, आणि म्हणावेच. फ्रीडमन आणि मायर्स यांचे ऋण मान्य व्हायला हवे होते. तशी रीत तेव्हा आपल्याकडे नव्हती, हे कारण झाले, समर्थन नव्हे. पण बाबांच्या कंसात हे ऋण नोंदलेले होते.

मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांनी गायिली आणि मराठी भावगीताला ध्वनिमुद्रिकेचे दार उघडले, हे आम्ही वर्गात दरवर्षी अभिमानाने सांगतो. तीही एका तबकडीचीच कथा, पण ती आपल्या जिल्ह्यातल्या कवीची, म्हणून अभ्यासाला पात्र. बाबांची तबकडी मात्र थट्टेला पात्र! लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच लीळेविषयी निरनिराळ्या सांगणाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या नावानिशी नोंदवल्या आहेत, हेही आम्हीच शिकवतो. सांगणारा मोठा की लहान, हे तेथे पाहिलेले नाही.

यंदा पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही दोघांनीही आपापल्या वर्गात ही गाणी ऐकवली. आधी सनी डे, मग हेली, मग रफी. फळ्यावर साल, स्थळ आणि कर्त्यांची नावे लिहिली. शेवटच्या रकान्यात 'साक्ष' या शब्दाखाली बाबांचे नाव लिहिले, आणि त्यापुढे कंसात त्यांचेच दोन शब्द.