पिवळा बावटा

ओपुआ, न्यूझीलंड

प्रिय नंदू,

फाटक नाही, विमानतळ नाही, मग स्वतःच्या शिडाच्या बोटीतून येणाऱ्याला अडवतं कोण, असं तू विचारलंस. अगं, आपणच थांबायचं असतं. टोंगाहून इथवर हजारभर सागरी मैल नुसतं पाणी, पण पोचण्याच्या किमान 48 तास आधी कस्टम्सला कळवावं लागतं: बोट कुठली, माणसं कोण, शेवटचं बंदर कोणतं. आवडलेल्या खाडीत नांगर टाकायची मुभा नाही. ठरवून दिलेल्या बंदरातच आधी जायचं. आमच्यासाठी ते बे ऑफ आयलंड्समधलं ओपुआ.

हद्दीत शिरताना पिवळा बावटा चढवतात. बोटीवर सगळे निरोगी आहेत, आत येण्याची परवानगी द्या, असा त्याचा जगभर मान्य असलेला अर्थ. इथला क्वारंटीन धक्का जमिनीला जोडलेलाच नाही, पाण्यावर तरंगतो. तिथे बोट बांधून वाट बघायची. उतरायचं नाही, शेजारच्या बोटीवर जायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही. इतक्या दिवसांनी समोर झाडं दिसत असताना पाय आवरणं कठीण जातं, पण सगळे आवरतात.

कस्टम्सचं काम लवकर आटपतं. पासपोर्ट, बोटीची नोंदणी, आधीच्या बंदराचा निघाल्याचा दाखला, दारू-सिगारेट किती. पाहुण्याच्या परदेशी बोटीची तात्पुरती आयात म्हणून नोंद होते आणि 24 महिन्यांपर्यंत तिच्यावर कर लागत नाही.

खरा वेळ जातो जैवसुरक्षा अधिकाऱ्यांबरोबर. ताजी फळं-भाज्या, मध, हे सगळं जप्त. म्हणून शेवटच्या टप्प्यात कांदे-बटाटे संपवायचाच स्वयंपाक असतो. आपल्या डब्यांचा प्रश्न निराळा: अख्खे मूग, मटकी, मेथ्या. भिजवलं की मोड येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे त्यांच्या दृष्टीनं बियाणं. मी सगळे डबे उघडून ओळीनं मांडले होते. ठेवायचं काय आणि टाकायचं काय, ते त्यांनी ठरवलं. लपवू मात्र काहीच नये. सांगितलेली वस्तू फार तर जाते, न सांगितलेलीवर दंड बसतो.

मग ते बोटीच्या बुडाकडे वळतात, आणि मला हे सर्वांत पटतं. मे 2018 पासून इथे येणाऱ्या प्रत्येक बोटीचा तळ स्वच्छ असावा लागतो. जास्त दिवस राहणार असाल तर बुळबुळीत थर आणि खोल समुद्रातले देठाचे बार्नॅकल (बोटीला चिकटणारे कवचवाले जीव) एवढंच चालतं. तळ येण्याआधी 30 दिवसांच्या आत साफ केला असेल तर त्याच्या पावत्या, फोटो जपून ठेवायचे. काही बोटवाले याला जाच म्हणतात. त्यांनी कॉलर्पाची गोष्ट ऐकावी. हे परकं समुद्रशेवाळ 2021 मध्ये ग्रेट बॅरियर बेटाजवळ सापडलं आणि 2023 मध्ये याच बे ऑफ आयलंड्समध्ये. त्याचा तुटलेला एक तुकडाही नव्या जागी रुजतो आणि समुद्रतळावर हिरवी चादर पसरून खालचं सगळं झाकून टाकतो. नांगराच्या साखळीत अडकून ते खाडीखाडीत जाऊ शकतं, म्हणून काही ठिकाणी नांगर टाकायलाच बंदी आहे.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही गं. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा छोटा शिंपला मुंबई-विशाखापट्टणमच्या बंदरांत जहाजांबरोबरच आला आणि ठाण मांडून बसला. तुझ्या रत्नागिरीतल्या कालवांवर असं काही येऊन बसलं तर ते खरवडून काढायला कोण जाणार? दारातच तपासावं, हे मला सोपं वाटतं आणि स्वस्तही.

पुढच्या हंगामात फिजीहून आमच्याबरोबर येणार असशील तर नोव्हेंबर धरून चाल, तेव्हापासून तिकडे चक्रीवादळांचे महिने सुरू होतात. मध आणू नकोस. मसाल्यांवर नावं लिहून आण. आणि रतनगडावर घातलेले बूट घासून, तळव्याच्या खाचांतली माती काढून, वाळवून मगच पिशवीत भर. बूटही ते उलटे करून बघतात.

तुझी,
सुधा